आयसीयूतून घरी आल्यानंतरचे महिने : कोकणातल्या घरात हे कसं निभवायचं?

चिरेबंदी

नमस्कार मंडळी. विषय लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

वडील ६३ वर्षांचे, कुडाळ तालुक्यातलं गाव. लावणीच्या दिवसांत ताप आला, तो नेहमीप्रमाणे अंगावर काढला. निघाला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून शेतातल्या पाण्यात उतरणारा जंतू). आधी जिल्ह्याला, मग जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलात. फुप्फुसात रक्तस्राव, मूत्रपिंडं बंद, व्हेंटिलेटर, डायलिसिस, सगळं झालं. वाचले. ज्यांनी वाचवलं त्यांचे उपकार आहेतच, त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही.

पण घरी आणल्यावर कळलं की आपल्या हातात कोणी काहीच दिलेलं नाही. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी आणि 'पंधरा दिवसांनी दाखवा', बस्स. बाबा बाजेवरून स्वतःचे स्वतः उठत नाहीत. घास घेताना हात थरथरतो. आवाज बसलेला. भूक अजिबात नाही. दिवसा डुलक्या, रात्री टक्क जागे. मधेच आईला सांगतात, "माका होडयेत घालून खंय तरी न्हेत होते, तू खंय होतंस?" अगदी गंभीरपणे सांगतात, आणि आपण 'तसं काही झालं नाही' म्हटलं की चिडतात. हा माणूस जन्मात कधी आवाज चढवून बोललेला नाही.

शेजारचे येतात, ओटीवर बसतात आणि विचारतात, "अजून उठणत नाय काय ओ?" म्हणजे जणू आळसच करतायत.

घर जुनं, चिऱ्याचं. ओटीला चार उंच पायऱ्या, न्हाणीघर मागच्या अंगाला, संडास त्याच्याही पलीकडे. पावसात पाखाडीवर शेवाळ. कोणी यातून गेलंय का? किती दिवस लागतात? काय करावं, काय करू नये? ऐकीव सल्ले नकोत, केलेलं सांगा.

घाटावरचा_कोकणी

वाचतोय. माझ्या मामांना न्यूमोनियानंतर असंच झालं होतं. तीन महिने स्वतःच्या हातानं शर्टाची बटणं लावता येत नव्हती. आता व्यवस्थित आहेत, बाजाराला जातात. धीर धरा.

रातपाळी

मी स्टाफ नर्स आहे, आयसीयूत बरीच वर्षं काढली. आधी एक सांगा : पाणी पिताना ठसका लागतो का?

चिरेबंदी

हो. पाणी आणि पेज दोन्हीला. भाताला नाही.

रातपाळी

वाटलंच. घशातून नळी घातलेली असते ना, ती काढल्यावर गिळण्याचे स्नायू ढिले पडलेले असतात. घट्टपेक्षा पातळ पदार्थ धोक्याचा, कारण तो पटकन घसरतो आणि श्वासनलिकेत जातो. आपल्याकडे आजारी माणसाला पहिली काय देतात, तर पातळ पेज, तीही अर्धवट झोपलेल्या अवस्थेत, वाटीनं तोंडात ओतून. हे तूर्त बंद.

पूर्ण ताठ बसवून द्या. हनुवटी किंचित छातीकडे. चमच्यानं, एका वेळी थोडंसं. एक घोट गिळून झाला, मग दुसरा. मधे बोलायला लावू नका. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. पेज द्यायचीच तर घोटून दाट करा. कुळथाची पिठी जरा घट्ट ठेवली तर उत्तम उतरते. आणि ठसका चालूच राहिला, किंवा जेवल्यानंतर आवाज ओलसर, घरघरता येतो असं वाटलं, किंवा ताप आला, तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. गिळणं तपासणारे स्पीच थेरपिस्ट असतात, त्यांच्याबद्दल विचारा. नावात स्पीच असलं तरी गिळणं हेही त्यांचंच काम.

खाडीकाठ

मी अतिदक्षता विभागात काम करतो, मूळचा तुमच्याच बाजूचा. सविस्तर लिहितो, कारण हे हॉस्पिटलात कोणी नीट समजावून सांगत नाही. आम्हाला वेळ नसतो हे खरं. आणि सांगायची पद्धतही पडलेली नाही, हे त्याहून खरं.

तुमच्या वडिलांना जे होतंय त्याला नाव आहे : पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम, म्हणजे आयसीयूतून बाहेर पडल्यावर मागे राहणारे त्रास. अतिदक्षता विभाग ही कल्पना १९५३ची, कोपनहेगनची. त्याच्या आदल्या वर्षी तिथे पोलिओची साथ आली होती आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीनं हातानं फुगे दाबून रुग्णांना श्वास दिला होता. म्हणजे माणूस जगवायचं तंत्र तेव्हापासूनचं. जगल्यावर पुढे काय होतं, त्याला हे नाव मिळून छापून यायला मात्र २०१२ साल उजाडलं.

यात तीन गोष्टी एकत्र असतात : शरीर, बुद्धी आणि मन.

शरीराचं आधी. गंभीर आजारात स्नायू किती वेगानं झिजतात याचा अंदाज बाहेरच्यांना नसतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात पहिल्या दहा दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचं क्षेत्रफळ सरासरी १७-१८ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. ज्यांचे एकाहून जास्त अवयव निकामी झाले होते त्यांचं आणखी जास्त. नुसतं पडून राहिल्यानं इतकं होत नाही. जंतुसंसर्गात शरीर स्वतःचाच स्नायू मोडून खातं. त्यामुळे 'आळस करतायत' म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना सांगा की मांडीत उठवण्याइतका स्नायूच शिल्लक नाही, तो परत बांधायला लागतो.

बुद्धीचं. त्याच वर्षीच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात आयसीयूतून बाहेर पडलेल्यांना तीन महिन्यांनी तपासलं. ४० टक्के लोकांचे गुण मेंदूला मध्यम मार बसलेल्या माणसाइतके होते आणि २६ टक्क्यांचे सौम्य अल्झायमर असलेल्या माणसासारखे. यात तरुणही होते. हिशेब चुकणं, नाव न आठवणं, दोन कामं एकदम न जमणं, हे दिसेल. बहुतेकांत सुधारतं, पण वेळ लागतो.

आणि मन. तुमच्या वडिलांची ती होडी. व्हेंटिलेटरवरच्या बहुसंख्य रुग्णांना डिलिरियम होतो, म्हणजे भान हरपून भास होतात, गोंधळ उडतो. गुंगीची औषधं, ताप, दिवसरात्र दिवे, सतत वाजणारे अलार्म. बांधलेला हात, सरकणारी खाट, वरून वाकून बघणारे मास्कवाले चेहरे, यातून मेंदू एक गोष्ट रचतो. बाजेवरून स्कॅनला नेलं असेल, त्याची होडी झाली. ती त्यांच्या लेखी घडलेली घटना आहे. 'असं काही झालंच नाही' म्हणून वाद घालू नका, आणि 'हो हो, नेलं होतं' म्हणून माना डोलावू नका. 'तुम्हाला तसं दिसलं असणार, भीती वाटली असणार. तेव्हा खरं काय चाललं होतं ते मी सांगतो' असं म्हणा.

अजून एक : गोळ्यांची यादी नीट बघा. आयसीयूत गोंधळ कमी करायला क्वेटियापिनसारखी गोळी सुरू करतात, ॲसिडिटीची करतात, झोपेची करतात, आणि त्या तशाच कार्डावर उतरतात. स्वतः बंद करू नका. तपासणीला गेल्यावर एकेका गोळीवर बोट ठेवून विचारा : ही कशासाठी, कधीपर्यंत?

सड्यावरचा

डॉक्टर, माहितीबद्दल आभार. पण मला हे सगळं जरा जास्तच वाटतं. आमचे आजोबा विषमज्वरातून उठले तेव्हा कसला फिजिओ आणि कसलं सिंड्रोम. खोलीत अंधार, मऊ भात, तूप आणि आराम. महिना-दीड महिन्यात नांगर धरला. आजारी माणसाला निजू द्यावं, उगाच उठवून छळू नये. हल्ली तर आयसीयूत नळ्या लावलेल्या असतानाच उभं करतात म्हणे.

फणसगरे

सड्यावरचा, तुमचे आजोबा व्हेंटिलेटरवर नव्हते. त्या काळी जे या अवस्थेला पोचायचे ते उठायचेच नाहीत, म्हणून उठलेल्यांच्या गोष्टी तेवढ्या आपल्यापर्यंत आल्या.

मी चिपळूणकडे फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन करते. चिरेबंदी, तुम्ही 'केलेलं सांगा' म्हणालात म्हणून तेच लिहिते.

पहिले काही दिवस चालण्याच्या मागे लागू नका. बसून उठणं, हाच व्यायाम. हातवाली भक्कम खुर्ची घ्या, शक्यतो लाकडी. प्लास्टिकची असेल तर भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर गुळगुळीत लादीवर ती मागे सरकते आणि माणूस खाली. बैठक बुटकी असेल तर वर घट्ट घडीची गोधडी घाला, म्हणजे उठणं सोपं जातं. जसजसा जोर येईल तशी घडी कमी करायची. बाबांना खुर्चीच्या कडेला सरकवा. टाचा गुडघ्यांच्या जरा मागे. मग पुढे वाकायचं, इतकं की नाक पायांच्या बोटांच्या वर येईल, आणि तिथून उठायचं. ताठ बसून वर उठू बघतात म्हणून जमत नाही.

काखेत हात घालून किंवा दंड धरून ओढू नका. खांदे आधीच आखडलेले असतात, सांधा निखळतो. कमरेला पंचा घट्ट बांधा आणि मागून तो पंचा धरा. तोल गेला तर पकड तुमच्या हातात राहते. हॉस्पिटलातला महाग पट्टा हेच काम करतो.

तीन-चार वेळा उठणं-बसणं, मग विश्रांती, असं दिवसातून चार-पाच वेळा. एकदम वीस वेळा नाही. उठल्यावर एक अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, ओठ निळसर दिसले, तर लगेच थांबा. आणि दुसऱ्या दिवशी पार गळाठले तर समजा आदल्या दिवशी जास्त झालं, निम्म्यावर या.

बाजेच्या पायथ्याला काथ्याचा किंवा सुती जाड दोर बांधा, त्याला हातभर अंतरानं गाठी मारा. गाठ धरत धरत स्वतः उठून बसतात. कोणाला हाक न मारता उठता येणं ही त्यांच्यासाठी केवढी मोठी गोष्ट असते ते तुम्हाला दिसेलच.

पायऱ्यांना एका बाजूला कठडा हवाच. पोफळीचा सोट तासून दोन खुंट्यांवर आडवा ठोकला तरी पावसाळा निघतो. पुढे जीआयचा (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप लावा. चढताना बळकट पाय आधी वर, उतरताना कमजोर पाय आधी खाली. रात्री संडासला बाहेर नेऊ नका, कमोडची खुर्ची आणा. भाड्यानंही मिळते. लाज वाटते म्हणून नको म्हणतील, तेव्हा पडून खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं ते एकदा शांतपणे सांगा.

एक गोष्ट तपासा : चालताना पायाचा चवडा जमिनीला घासतो का? एकाच पायातली चप्पल सारखी गळून पडते का? तसं असेल तर ती नुसती अशक्ती नाही, नस दुखावलेली असू शकते. त्याला वेगळा पट्टा लागतो आणि तो लवकर लागतो.

खाडीकाठ

फणसगरे यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. आणि सड्यावरचा यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, म्हणून थोडी भर. व्हेंटिलेटरवर असतानाच हालचाल सुरू केलेले रुग्ण घरी जाताना जास्त स्वावलंबी असतात, असं २००९च्या एका अमेरिकी चाचणीत दिसलं. ५९ टक्के विरुद्ध ३५ टक्के, फरक मोठा होता. पण २०२२ साली आलेल्या त्याहून मोठ्या चाचणीत नेहमीच्यापेक्षा जास्त जोर लावून उठवण्याचा जादा फायदा दिसला नाही, उलट काही त्रास वाढले. तेव्हा निजू द्या हेही नाही आणि ओढून उठवा हेही नाही. अंधाऱ्या खोलीचं मात्र साफ चूक. दिवसा उजेडातच हवेत.

सड्यावरचा

बरं, अर्धा तरी बरोबर निघालो. 🙂 उजेडाचं पटलं.

तिसऱ्या

खाण्याचं मी लिहिते, तो आमचा प्रांत.

आधी ते शहाळ्याचं थांबवा! आजारी माणूस म्हटला की आपल्याकडे येणारा प्रत्येकजण दोन शहाळी घेऊन येतो. माझ्या दिरांचं डायलिसिस झालं होतं तेव्हा डॉक्टरांनी पहिली तंबी तीच दिली होती. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, आणि मूत्रपिंडं पूर्ण सुधारलेली नसतील तर ते साठतं आणि हृदयावर येतं. चिरेबंदी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं किती काम करतात ते दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियमचा रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत शहाळी शेजाऱ्यांना परत. केळ्यांचंही विचारून घ्या.

भूक नाही म्हणतात त्यांना ताट भरून वाढू नये, बघूनच पोट भरतं. वाटीभर, दर दोन-अडीच तासांनी. तोंडाला चव नसते, सगळं कडवट लागतं. अशा वेळी आमसुलाचा किंचित आंबटपणा चालतो. पेजेवर दिवस काढू नका. पेजेनं पोट भरल्यासारखं होतं, पण स्नायू बांधायला त्यात काही नाही. भातात मुगाची डाळ घालून मऊ शिजवा, वर साजूक तूप. अंडं मोडून घाला. मासे खात असतील तर काट्याबिट्याची भीती नको, मुडदुसा, नाहीतर मोरीचं मऊ शिजवलेलं मांस. बाळंतिणीला मोरी देतात ते उगाच नाही. नाचणीचं सत्त्व दुधात.

खाडीकाठ

तिसऱ्या यांचा शहाळ्याचा मुद्दा लाखमोलाचा. प्रथिनांबद्दल : सावरण्याच्या काळात साधारणपणे वजनाच्या दर किलोला रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सहाएक ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज येईल. पण चिरेबंदी, तुमच्याकडे मूत्रपिंडाचा प्रश्न होता, म्हणून आकडा तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा. डब्यातली प्रोटीन पावडर स्वतःच्या मनानं नको.

होडीवाली

सगळे प्रतिसाद वाचले. छान आहेत. पण चिरेबंदी, या धाग्यात तुमच्या आई कुठे आहेत? रात्री होडीची गोष्ट त्याच ऐकतात ना?

माझे मिस्टर रत्नागिरीला ट्रॉलरवर. २०२१च्या लाटेत कोविड झाला, व्हेंटिलेटर लागला. आत सोडत नव्हते, मी फोन उशाशी घेऊन बसायची. घरी आले तेव्हा हार घालून आणलं, पेढे वाटले. नंतरचं कोणी विचारलं नाही. डिझेलचा हिशेब तोंडपाठ करणारा माणूस, पाचशे रुपये मोजताना अडखळायचा आणि नोटा माझ्या अंगावर टाकायचा. मुलं त्यांच्याजवळ जाईनात. मला झोपेत मॉनिटरची टुकटुक ऐकू यायची. शेवटी माझंच वजन उतरलं, छातीत धडधड सुरू झाली, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी यांना सोडून मला तपासलं. त्यांनी सांगितलं की हे घरच्यांनाही होतं, आणि त्यालाही औषध आहे.

टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. मी गच्चीवर जाऊन बोलायची. मन मोकळं झालं म्हणण्यापेक्षा, पुढच्या आठवड्यात काय करायचं ते तरी ठरलं.

कामाचं म्हणाल तर घाई करू नका. ते आधी जेट्टीवर नुसते बसायला जायचे, मग जाळी दुरुस्त करायला. दोन तास काम, मग घरी. मालकानं समजून घेतलं, सगळे घेत नाहीत. समुद्रावर गेले ते पुढच्या हंगामात, बंदी उठल्यावर.

खाडीकाठ

होडीवाली, तुम्ही लिहिलंत ते आमच्या पुस्तकातही आहे : नातेवाइकांना होणाऱ्या त्रासाला त्याच सिंड्रोमचा दुसरा भाग मानतात. आणि कामाबद्दल, फुप्फुसं गंभीर निकामी झालेल्या रुग्णांच्या कॅनडातल्या अभ्यासात वर्षभरानंतर जेमतेम निम्मे कामावर परतले होते. ते बहुतेक टेबलावर काम करणारे असतील, इथे तर डोलत्या होडीवर उभं राहायचं आहे. तुमच्या मिस्टरांना उशीर झाला असं अजिबात म्हणता येणार नाही.

चिरेबंदी

होडीवाली ताई, आई इथेच आहे, बाबांच्या बाजेशेजारी खाली चटई टाकून. तिला शुगर आहे, जेवणाच्या वेळा पार बिघडल्यात. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तर म्हणाली, "त्या बायक सांग, माझा काय नाय." म्हणजे काय ते कळलंच. भाऊ मुंबईहून येतोय, रात्रीची पाळी आम्ही दोघं वाटून घेणार. आई माजघरात झोपेल, दार लावून.

बाज माजघरातून ओटीवर आणली. समोर रस्ता, येणारे-जाणारे दिसतात. सकाळी ऊन येतं. दिवसाच्या डुलक्या कमी झाल्यात हे मात्र खरं.

दोन प्रश्न : शेजारचे म्हणतात रात्री असं बोलतात म्हणजे बाहेरचं काहीतरी आहे, भगताला दाखवा. आणि केस मूठमूठ गळतायत, ते कशानं?

रातपाळी

केस : मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी असे गळतात, बाळंतपणानंतर गळतात तसेच. परत येतात. तेलं बदलत बसू नका.

भगताचं मी सांगते, कारण हे प्रत्येक घरात होतं. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं तर घाला, घरच्यांना धीर येतो. पण अंगारा पाण्यातून पाजणं, उपास, धूर, रात्री जागवणं आणि गोळ्या बंद करणं, यातलं एकही नको. धुरानं तर फुप्फुसाचं वाटोळं होईल. आणि नव्यानं, अचानक गोंधळ वाढला, माणूस ओळखेनासा झाला, तर ते बाहेरचं नव्हे, आतलंच असतं : लघवीचा संसर्ग, ऑक्सिजन कमी, साखर कमी, शौचाला न होणं. त्याच दिवशी डॉक्टर.

त्या होडीवर एक उपाय आहे. युरोपात, विशेषतः उत्तरेकडच्या देशांत, आयसीयूतल्या नर्स आणि नातेवाईक रुग्णाच्या नावानं डायरी लिहितात. आज काय झालं, कोण भेटायला आलं, कुठे नेलं. नंतर ती रुग्ण वाचतो आणि तुटलेले दिवस जुळवतो. आपल्याकडे डायरी नसते. पण तुमच्या घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच ना? 'आज स्कॅनला नेलं', 'आज डोळे उघडले', 'नळी काढली, पाणी मागितलं', तारीख-वेळेसकट सगळं तिथे पडलेलं असतं. ते एका वहीत उतरवा. ते विचारतील तेव्हाच, विचारतील तेवढंच वाचून दाखवा. फोटो लगेच दाखवू नका, काहींना नळ्या लावलेला स्वतःचा चेहरा झेपत नाही.

खाडीकाठ

डायरीबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर पुरावा दोन्ही बाजूंनी आहे. २०१०च्या युरोपातल्या अभ्यासात डायरी मिळालेल्यांत आघातोत्तर तणावाचं प्रमाण ५ टक्के आणि न मिळालेल्यांत १३ टक्के होतं. पुढे २०१९ साली फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत तसा फरक दिसला नाही. तरी खर्च वहीचा, आणि बहुतेकांना ती हवीशी वाटते. मी तर सांगेन, करा.

घाटावरचा_कोकणी

अवांतर होईल, पण लिहितो. हा सगळा प्रश्न आपल्याकडे दुप्पट होतो कारण माणूस वाचतो एका ठिकाणी आणि सावरतो दुसऱ्याच ठिकाणी. सावंतवाडीच्या माणसाला गोव्यातलं बांबोळी, वैभववाडीच्या माणसाला घाट चढून कोल्हापूर, दापोली-खेडच्या माणसाला मुंबई. ज्या डॉक्टरनं वाचवलं त्याला परत दाखवायचं तर गाडीचं भाडं आणि अख्खा दिवस. पेशंट प्रवासानंच आडवा होतो. मग लोक जातच नाहीत. ज्याला सगळं माहीत तो लांब, आणि जवळच्या डॉक्टरकडे अर्धं कार्ड.

खाडीकाठ

अवांतर नाही, मूळ मुद्दाच तो आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २००९ सालीच मार्गदर्शिकेत लिहिलं की अशा रुग्णांची आयसीयूतून बाहेर पडल्यावर २ ते ३ महिन्यांनी पुन्हा नीट तपासणी करावी, तीही शरीर, बुद्धी, मन सगळ्याची. आपण ती गावच्या डॉक्टरांकडून करून घेऊ शकतो, पण त्यांच्या हातात कागद हवेत. डिस्चार्ज समरीची पूर्ण प्रत घ्या, नुसतं कार्ड नव्हे. किती दिवस व्हेंटिलेटर, किती वेळा डायलिसिस, शेवटचं क्रिएटिनिन किती, कोणती औषधं कधी थांबवायची, हे त्यात असावं. शेवटच्या एक्स-रेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. लांबच्या डॉक्टरांना फोनवर दाखवता येईल का ते विचारा, बरेचजण हो म्हणतात.

वाट न बघता न्यायचं कधी, तेही लिहून ठेवतो : ताप, दम वाढणं, लघवी कमी होणं, एकाच पायाला सूज आणि दुखणं, थुंकीत रक्त, माकडहाडावर किंवा टाचेवर काळपट-लाल डाग, आणि 'मी कशाला वाचलो' असं वारंवार बोलणं. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. दम लागून बोलता येत नसेल तर १०८.

तिसऱ्या

आणि चतुर्थी तोंडावर आली आहे, त्याचं काय ठरवलंय? मुंबईचे सगळे उतरतील तुमच्याकडे.

चिरेबंदी

तोच घोळ चालू आहे. बाबांना पूजेला स्वतः बसायचंय, दरवर्षी तेच बसतात. आणि चाकरमानी धरून घरात वीसेक माणसं, भजनं रात्री बारापर्यंत.

फणसगरे

बसू द्या की! मांडी घालून पाटावर नको, पाटाजवळ खुर्ची. संकल्प आणि पहिली फुलं त्यांच्या हातून, बाकी भावानं करावं. माझ्या पेशंटना मी नेहमी असंच एखादं उद्दिष्ट देते. 'रोज व्यायाम करा' म्हटलं की कोणी करत नाही, 'चतुर्थीला गणपतीसमोर उभं राहून आरती म्हणायची' म्हटलं की करतात. सध्या आधार धरून किती वेळ उभे राहतात?

चिरेबंदी

आरतीची दोन कडवी होतील एवढा वेळ. मोजमाप आमचं असंच.

रातपाळी

पाहुण्यांचं : सर्दी-खोकलेवाल्यांनी ओटीवर जायचं नाही, स्पष्ट सांगा, राग आला तर येऊ दे. दुपारी दोन तास बाबांकडे कोणी फिरकायचं नाही. भजनाच्या रात्री त्यांची बाज पुन्हा आतल्या खोलीत, दार बंद. आणि प्रत्येकाला आयसीयूची कथा त्यांच्यासमोर पहिल्यापासून सांगत बसू नका. ते ऐकत असतात.

सड्यावरचा

एक विचारू का डॉक्टर? पुढच्या वर्षी हे परत शेतात उतरले तर? लेप्टो एकदा होऊन गेला की परत होत नाही म्हणतात.

खाडीकाठ

होऊ शकतो. जंतूचे प्रकार बरेच आहेत, एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला पुरत नाही. लावणीत उतरायचं तर गमबूट, पायावरच्या जखमा झाकून, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिन ही प्रतिजैविकाची गोळी. आरोग्य विभाग त्या दिवसांत गोळ्या वाटतो, त्या लोक घेतात आणि फडताळात ठेवून देतात. पण हा पुढच्या जूनचा प्रश्न. तोवर ते बांधावर उभं राहून भावाला चार शिव्या देण्याइतपत झाले तरी पुष्कळ.

चिरेबंदी

त्या बाबतीत प्रगती झपाट्यानं आहे. आवाज अजून बसलेला आहे म्हणून वाचलोय.

कठड्यासाठी पोफळ तोडून ठेवली आहे, भाऊ आला की ठोकतो. चवडा घासतो का ते आज बघितलं : उजवा किंचित घासतो. फणसगरे, तुम्हाला विपु (खाजगी विचारपूस) केली आहे, आमच्या बाजूला कोणी ओळखीचं असेल तर कळवा. परवा तपासणीला नेतोय. गोळ्यांची यादी, ठसक्याचं, चवड्याचं आणि शहाळ्याचं असं चार ओळींत लिहून घेतलंय. आईची शुगरही त्याच फेरीत करून घेतो. क्रिएटिनिनचा आकडा आला की इथेच टाकतो.